भूमिकाखेळांतील प्रकट आणि प्रच्छन्न कथन : खिद्रापूरच्या अनुपस्थित नंदीच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : भूमिकाखेळ, प्रकट कथन, प्रच्छन्न कथन, ध्वनी, सहृदय, चित्रकथी, भाषांतर

प्रास्ताविक

कथा सांगावी की सुचवावी, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. कीर्तनकार, शाहीर, कादंबरीकार आणि चित्रपट-दिग्दर्शक या साऱ्यांना तो आपापल्या माध्यमात सोडवावा लागला आहे. गेल्या पन्नास वर्षांत हाच प्रश्न व्हिडिओ गेम या माध्यमात, आणि त्यातही रोल-प्लेइंग गेम या प्रकारात, नव्याने उभा राहिला आहे. ज्या खेळात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो, त्या पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगत पुढे जातो, त्या खेळास प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे.

या खेळांत कथा दोन रीतींनी खेळाडूपर्यंत पोहोचते. पहिल्या रीतीत निवेदक, पात्रांचे संवाद किंवा मध्येच येणारी चित्रफीत कथा उघडपणे सांगते. हे प्रकट कथन होय. दुसऱ्या रीतीत कथा स्थळांत, वस्तूंत, पडक्या भिंतींत आणि रिकाम्या जागांत विखरून ठेवलेली असते आणि ती खेळाडूने स्वतः जुळवावयाची असते. हे प्रच्छन्न कथन होय. प्रच्छन्न कथन हे प्रकट कथनापेक्षा कलादृष्ट्या श्रेष्ठ, असे मत या खेळांच्या चर्चेत वारंवार मांडले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे आणि मराठी भाषक खेळाडूच्या संदर्भात त्याचा काय अर्थ होतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. निवेदकाचे अदृश्य होणे

भूमिकाखेळाचा उगम संगणकावर झाला नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो मेजाभोवती बसून, फासे टाकून आणि मुख्यतः बोलून खेळावयाचा खेळ होता. त्यात एक जण सूत्रधार असे. खोली कशी आहे, दार उघडल्यावर काय दिसते, समोरचा म्हातारा काय म्हणतो, हे सारे तोच सांगे. आपल्याकडील कथेकरी बुवांप्रमाणे तो श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कथा लांबवू वा आखडती घेऊ शकत असे. एखाद्याला संदर्भ कळला नाही, तर तो तेथेच थांबून समजावून देता येत असे.

हा खेळ संगणकावर आला तेव्हा सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली. यंत्राला श्रोत्याचा चेहरा दिसत नाही. सूत्रधाराचे काम त्यामुळे दोन ठिकाणी विभागले गेले. त्याचा काही भाग पडद्यावरील शब्दांकडे गेला, तर काही भाग पडद्यावर उभारलेल्या अवकाशाकडे. प्रकट आणि प्रच्छन्न कथनाचा भेद या विभागणीतून दृढ झाला, असे म्हणता येते. हेन्री जेन्किन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात खेळ रचणाऱ्यास कथनाचा वास्तुरचनाकार मानले. पूर्वस्मृती जागवणारे, खेळाडूच्या कृतीतून घडणारे, अवकाशात पेरून ठेवलेले आणि खेळता खेळता आपसूक उद्भवणारे, असे कथनाचे चार प्रकार त्यांनी सांगितले. यांतील पेरून ठेवलेले कथन हे येथील प्रच्छन्न कथनास सर्वांत जवळचे आहे. भारतीय संदर्भात सौविक मुखर्जी यांनी २०१५ व २०१७ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथांतून खेळ आणि कथन, तसेच खेळ आणि वसाहतवाद यांचा विचार इंग्रजीतून केला आहे. मराठीत मात्र ही चर्चा अद्याप तुरळक आहे.

२. वाच्य आणि व्यंग्य

या भेदाचे विवेचन करण्यासाठी केवळ पाश्चात्त्य परिभाषेवर विसंबण्याचे कारण नाही. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांचा जो संबंध मांडला, तो येथे उपयुक्त ठरतो. त्याच्या मते उत्तम काव्याचा आत्मा सूचित अर्थात असतो. तथापि या सिद्धान्ताची दुसरी बाजू पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. सूचित अर्थ वाच्यार्थाला वगळून हाती येत नाही. ज्याला उजेड हवा आहे त्याला दिव्याच्या ज्योतीचीच काळजी घ्यावी लागते, अशा आशयाचा दृष्टान्त त्याने दिला आहे. म्हणजे वाच्य हे व्यंग्याचे साधन आहे, त्याचा शत्रू नव्हे.

याच परंपरेतील 'सहृदय' ही संकल्पनाही येथे महत्त्वाची आहे. सूचित अर्थ सर्वांनाच प्रतीत होतो, असा या परंपरेचा दावा नाही. काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन स्वच्छ झालेले आहे, संकेत ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच तो प्रतीत होतो. सूचन हे अशा रीतीने नेहमी कोणाला तरी उद्देशून असते. खेळांच्या चर्चेत प्रच्छन्न कथनाची प्रशंसा करताना 'कोणाला उद्देशून' हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

३. दोन रिकाम्या जागा

हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेता येईल. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूर येथे शिलाहारकालीन कोपेश्वराचे मंदिर आहे. स्वर्गमंडपाच्या छतातील वर्तुळाकार खुला भाग, त्याखालील स्तंभरचना आणि मंदिराचा भार पेलणारे पीठावरील हत्ती यांसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु या शिवमंदिराचा एक विशेष न दिसणाऱ्या गोष्टीत आहे. येथे महादेवासमोर नंदी नाही.

लोकश्रुती अशी की, दक्षाच्या यज्ञाला जाताना सती नंदीवर बसून गेली. यज्ञात झालेल्या अपमानाने तिने देहत्याग केला आणि महादेव कोपले. तेच हे कोपेश्वर होत. त्यांचे सांत्वन करणाऱ्या विष्णूचे स्थान धोपेश्वर या नावाने गाभाऱ्यातच दाखवले जाते. नंदी मात्र परतला नाही. तो पलीकडे, आज कर्नाटकात असलेल्या यडूर येथे आहे, असे सांगितले जाते. येथे शोक, क्रोध आणि वियोग यांची संपूर्ण कथा एका अनुपस्थितीत साठवलेली आहे. प्रच्छन्न कथनाचे इतके समर्थ उदाहरण विरळाच.

पण ही रिकामी जागा कोणाशी बोलते? शिवमंदिरात नंदी असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशीच. ज्याने शिवालय कधी पाहिलेले नाही, त्याला तेथे काहीही उणे दिसणार नाही. तसेच, नंदी नाही हे लक्षात आले तरी तो का नाही, हे कोणीतरी सांगावे लागते. गावातील वडीलधारी माणसे वा मंदिर दाखवणारे वाटाडे ते काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. दगडातील प्रच्छन्न कथेला त्यांच्या प्रकट कथनाचा आधार आहे.

याच्याशी विलक्षण साम्य असणारे उदाहरण 'डार्क सोल्स' या २०११ मधील जपानी भूमिकाखेळात आढळते. फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेच्या, हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या या खेळात कथा सांगणारा निवेदक प्रारंभीच्या चित्रफितीनंतर जवळपास नाहीसा होतो. खेळाडू एका भग्न जगात फिरत राहतो. एके ठिकाणी सूर्याची वेदी आहे आणि तिच्यावरील मूर्ती मोडून गेलेली आहे. ती कोणाची, हे तेथे कोणी सांगत नाही. पुष्कळ पुढे एक अंगठी हाती लागते. तिच्या वर्णनावरून कळते की, देवराज ग्विनचा थोरला पुत्र युद्धदेव होता, त्याचे देवत्व काढून घेतले गेले आणि त्याचे नाव इतिहासातून पुसले गेले. मोडकी मूर्ती व हे चार ओळींचे वर्णन एकत्र ठेवले की बाप आणि मुलगा यांच्यातील दुरावा खेळाडूच्या मनात आकार घेतो.

या दोन उदाहरणांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. 'डार्क सोल्स'मधील प्रच्छन्न कथन हे निव्वळ दृश्यावर उभे नाही. मूर्तीचा अर्थ अंगठीवरील शब्दांनी उलगडतो. खिद्रापुरात जे काम वाटाड्या करतो, ते येथे वस्तूचे वर्णन करते. ज्योत लहान आहे, पण ती आहे. हे शब्द काढून टाकले तर उरेल ती केवळ एक मोडकी मूर्ती. आनंदवर्धनाने सांगितलेला वाच्य आणि व्यंग्य यांचा आश्रय-आश्रयी संबंध या आधुनिक खेळातही टिकून आहे.

४. प्रकट कथनाची बाजू

प्रच्छन्न कथनाचे पुरस्कर्ते प्रकट कथनावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, ते खेळाडूला निष्क्रिय श्रोता बनवते. दुसरा असा की, सारे सांगून टाकल्याने कल्पनेला वाव उरत नाही. हे आक्षेप वाईट प्रकट कथनाला लागू पडतात, प्रकट कथनाला नव्हे.

'प्लेनस्केप : टॉरमेंट' हा १९९९ मधील खेळ सुमारे ८ लाख शब्दांचा मानला जातो. 'डिस्को एलिझियम' या २०१९ मधील खेळात शब्दसंख्या १० लाखांच्या वर गेल्याचे सांगितले जाते. दोन्ही खेळांत कथा उघडपणे, संवादांतून आणि दीर्घ वर्णनांतून सांगितली जाते. तरीही ते कल्पनाशून्य ठरलेले नाहीत. याचे एक कारण त्यांच्या नायकाच्या निवडीत आहे. दोघेही स्मृती गमावलेले आहेत. पहिल्यातील नायक मरून पुन्हा उठलेला आहे आणि त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. दुसऱ्यातील पोलीस अधिकारी आपण कोण, हेच विसरला आहे आणि त्याच्या स्वभावाचे २४ पैलू त्याच्याशी निरनिराळ्या आवाजांत बोलत राहतात. ते आवाज परस्परविरोधी असतात आणि प्रत्येक आवाज विश्वासार्ह असतोच असे नाही. कोणाचे ऐकावे, हे खेळाडूने ठरवावयाचे असते. येथे सारे सांगितले जाते, तरी सत्य शोधावेच लागते. प्रकट शब्दांच्या गर्दीतही मौन राखता येते, हे या खेळांनी दाखवून दिले आहे.

मराठी वाङ्मयपरंपरेचा विचार केला तर प्रकट कथनाला कमी लेखणे अधिकच अवघड होते. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेली 'ज्ञानेश्वरी' मूलतः एक टीका आहे. जे संस्कृत न जाणणाऱ्यांपासून झाकलेले होते, ते दृष्टान्तांच्या साहाय्याने उलगडून मराठीत सांगणे, हे तिचे प्रयोजन होते. उलगडून सांगणे म्हणजे रसहानी करणे, असा समज तिच्या वाचकांनी कधी करून घेतला नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषयाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान येते. तेथेही सांगणे हा कलेचा दोष नसून श्रोत्यांविषयीच्या आस्थेचा भाग आहे. प्रकट कथन हे प्रवेशद्वार असते. ज्यांना आत येण्याचा अधिकार पूर्वी नव्हता, त्यांच्यासाठी ते उघडले जाते.

५. 'राजी' : पुण्यात घडलेला एक प्रयोग

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तपासण्याजोगा आहे. तो ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडो स्विच या यंत्रासाठी आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला. काटेकोर व्याख्येनुसार तो भूमिकाखेळ नसून कृती-साहसप्रकारात मोडतो. परंतु प्रकट आणि प्रच्छन्न कथनाचा प्रश्न त्यात ठळकपणे येत असल्याने त्याचा येथे विचार केला आहे. जत्रेत कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. देव तिला शस्त्रे देतात. तिच्या प्रवासाचे निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून होते. वाटेतील भिंतींवर देवादिकांच्या कथांची चित्रे आहेत. राजी त्यांच्यापाशी गेली की निवेदनाचा आवाज ती कथा सांगतो. मध्ये येणारे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या धाटणीने दाखवले आहेत.

ही योजना महाराष्ट्राला परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी परंपरेत कलावंत पोथीतील एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने त्या चित्राची कथा सांगतो. त्याच समाजाने कातडी छायाबाहुल्यांचा खेळही टिकवून ठेवला आहे. चित्र आहे आणि त्याच्याजवळ सांगणारा आवाज आहे, हा चित्रकथीचा गाभा 'राजी'मध्ये नव्या साधनांनी अवतरला आहे, असे म्हणता येते. निर्मात्यांनी ही परंपरा समोर ठेवली होती, असा येथे दावा नाही. साम्य रचनेचे आहे.

मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. पिंगुळीच्या चित्रकथीचा श्रोता रामायण-महाभारताच्या कथा जाणत असतो. तो माहितीसाठी ऐकत नाही. ओळखीची कथा आज कशी रंगते, हे पाहण्यासाठी ऐकतो. 'राजी'चा अपेक्षित खेळाडू जगभर पसरलेला आहे. त्यांतील अनेकांना महिषासुर कोण, हेही ठाऊक नसते. त्यामुळे या खेळातील आवाज पुष्कळदा रंगवण्याऐवजी परिचय करून देतो. भारतीय खेळाडूला हे निवेदन जागोजागी अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. भित्तिचित्र पाहताच जे त्याच्या मनात उमटले, तेच आवाज पुन्हा सांगतो आणि ओळखीचा आनंद हिरावून घेतो. परदेशी खेळाडूच्या दृष्टीने पाहिले तर तोच आवाज नसता तर ते चित्र नंदी नसलेल्या जागेसारखे मुके राहिले असते. एकाच वाक्याने एकाला जागा करून दिली आणि दुसऱ्याची जागा व्यापली. दोष शोधावयाचाच तर तो प्रकट कथनाच्या निवडीत नाही. दोन भिन्न श्रोत्यांसाठी एकच आवाज योजला गेला, यात तो आहे. सूत्रधार मेजापाशी बसलेला असता तर त्याने दोघांना दोन प्रकारे सांगितले असते. पुढे २०२२ मधील सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजाची भर घालण्यात आली, यावरून श्रोता कोण, हा प्रश्न निर्मात्यांनाही जाणवला असावा.

६. निवडलेले मौन आणि लादलेले मौन

येथवरचे विवेचन मराठी माध्यमातून शिकलेल्या खेळाडूला लावून पाहिले असता प्रकट-प्रच्छन्न हा भेद अनपेक्षित रीतीने उलटतो. वर उल्लेखिलेल्या परदेशी भूमिकाखेळांपैकी एकाचीही अधिकृत मराठी आवृत्ती नाही. करवीर वा राधानगरी तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याचे इंग्रजी कामापुरते आहे, त्याच्यासाठी 'डिस्को एलिझियम'मधील १० लाख शब्दांचे प्रकट कथन हे पूर्णतः प्रच्छन्न आहे. उलट 'डार्क सोल्स'मधील मोडकी मूर्ती त्याला काही प्रमाणात थेट भिडू शकते. कारण भग्न मूर्ती आणि ओसाड मंदिर यांची भाषा त्याला परिसराने शिकवलेली आहे. पण त्याच मूर्तीचा उलगडा करणारी अंगठी इंग्रजीत बोलते आणि तो पुन्हा दाराबाहेर राहतो. तात्पर्य, कथन प्रकट की प्रच्छन्न, हे केवळ खेळाच्या रचनेवरून ठरत नाही. खेळाडूच्या भाषेवरूनही ठरते.

यावर एक प्रतिवाद संभवतो. मियाझाकी यांनी आपल्या बालपणाविषयी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. ते आपल्या वाचनक्षमतेपलीकडील पुस्तके वाचत, न कळलेल्या भागांच्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरून काढीत आणि त्यातूनच पुढे त्यांची कथनशैली घडली. मग अर्धवट आकलन ही उणीव न मानता कल्पनाशक्तीची संधी का मानू नये? प्रतिवाद आकर्षक आहे, पण अपुरा आहे. मियाझाकी यांनी जेव्हा हे मौन कलेत आणले तेव्हा ते स्वतःच्या भाषेत, जाणीवपूर्वक आणले. काय सांगावयाचे नाही, हे त्यांनी निवडले. इंग्रजी खेळाडूनेदेखील तो खेळ भाषांतरातूनच अनुभवला. त्याच्यासाठी कोणीतरी त्या चार ओळींचा शब्द न्‌ शब्द तोलून इंग्रजीत आणला होता. मराठी खेळाडूच्या वाट्याला आलेले मौन कोणीही तोललेले नाही. ते कलावंताने निवडलेले नसून परिस्थितीने लादलेले आहे. या दोन मौनांत गल्लत करून वंचनेला सौंदर्य म्हणणे समीक्षेला शोभणारे नाही.

शिवाय प्रच्छन्न कथनाभोवती जी सामूहिक टीकापरंपरा उभी राहते, तीही भाषाबद्ध आहे. 'डार्क सोल्स'सारख्या खेळांचे तुकडे जगभरातील खेळाडू एकत्र येऊन जुळवतात, मतभेद नोंदवतात, नवी अर्थनिर्णये सुचवतात. ही एक प्रकारची भाष्यपरंपराच होय. तिचा मोठा भाग इंग्रजी आणि जपानी या भाषांत आहे. ज्या समाजाने गीतेवरील भाष्याने आपल्या भाषेचे वैभव वाढवले, त्या समाजातील तरुण या नव्या भाष्यपरंपरेत केवळ श्रोता म्हणून उरतो, ही बाब मराठीच्या अध्यापकांनी गांभीर्याने घ्यावयास हवी.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्रकट आणि प्रच्छन्न कथन ही श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंड नाही. वाच्याच्या आधाराशिवाय व्यंग्य उभे राहत नाही, हे खिद्रापूरचे मंदिर आणि 'डार्क सोल्स' या परस्परांपासून दूर असलेल्या उदाहरणांतून सारखेच दिसून येते.

२) प्रच्छन्न कथन नेहमी संकेत जाणणारा सहृदय गृहीत धरते. हा सहृदय कोण, हे विचारल्याशिवाय त्याची प्रशंसा अपुरी ठरते.

३) 'राजी'सारख्या खेळातील निवेदनाचा अतिरेक हा अपेक्षित श्रोत्यांच्या द्वैतातून आलेला आहे. भारतीय आशयाचे खेळ रचणाऱ्यांना हा पेच यापुढेही सोडवावा लागणार आहे.

४) मराठी खेळाडूच्या बाबतीत भाषा हाच कथन प्रकट वा प्रच्छन्न ठरवणारा घटक आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अभिजाततेचा संबंध प्राचीन ग्रंथांशी जसा आहे, तसा नव्या माध्यमांत कथा सांगण्याच्या सामर्थ्याशीही असावयास हवा. खेळातील एखाद्या वस्तूचे चार ओळींचे वर्णन मराठीत आणणे हे भाषांतराच्या वर्गात सहज देता येण्याजोगे काम आहे. त्यात काय सांगावे आणि काय न सांगता ठेवावे, याचा कस लागतो. मराठी विभाग, इंग्रजी विभाग आणि संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन असा लहानसा उपक्रम हाती घेतल्यास आंतरविद्याशाखीय अभ्यासाला ठोस विषय मिळेल. नंदी का नाही, हे सांगणारा माणूस खिद्रापुरात आजही भेटतो. नव्या खेळांच्या दारात मराठीत बोलणारा तसा वाटाड्या घडवणे, हे भाषेच्या अध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.